बाहेरच्या खोलीत कुणी नाही

बायको स्वयंपाकघरातून उठून झोपायच्या खोलीत गेली, तरी मागे पंखा आपला गरगरतच राहतो, एवढ्या एका गोष्टीपायी आमच्या हेडक्लार्कांनी आपल्या म्हातारपणाची माती करून घेतली. (नोकरी सुटली होती, पण दुसऱ्याच्या चुका काढायची खोड सुटली नव्हती. कचेरीत माणसं होती. घरात बायको आणि पंखा.)

जावई याच धंद्यातला. मोठमोठ्या इमारतींचे दिवे, पंखे, एसी, गीझर एका जाळ्यात गुंफायचे आणि भिंतीवर सेन्सर नावाचा डोळा बसवायचा. माणूस दिसला की उजेड आणि गारवा, माणूस गेला की सगळं बंद. सासऱ्यांनी म्हणायचा अवकाश, जावयाने घरभर डोळे बसवून दिले.

खोटं कशाला बोला, काम झकास झालं. बायको ओट्याशी उभी राहिली की वारा सुरू. तिच्या आंघोळीच्या वेळी पाणी आपसूक कढत. विजेचं बिल निम्म्यावर आलं. बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझी एवढी काळजी कुणी घेतली नव्हती." हेडक्लार्कांनी हे जावयाचं कौतुक समजून मान डोलावली.

महिनाअखेरीस फोनवर रिपोर्ट आला. बायकोने चष्मा लावून मोठ्याने वाचला. "स्वयंपाकघर, वापर भरपूर. झोपायची खोली, वापर रात्री. बाहेरची खोली, वापर नाही."

"वापर नाही म्हणजे? मी सकाळपासून तिथेच तर असतो."

"असाल. पण वापर नाही." मग अगदी गोड आवाजात, "मी कधीची म्हणतेय, शिवणाच्या क्लासला एक खोली द्या. तुमचं आपलं एकच, रिकामी खोली आहे कुठे? ही बघा, सापडली."

जन्मभर लोक हेडक्लार्कांच्या टेबलापुढे ताटकळले. आता टेबल गेलं, शिपाई गेला, घंटी गेली. उरली ती खिडकीजवळची एक खुर्ची. तीही गेली तर रिटायर झालेल्या माणसाने टेकायचं कुठे? त्यात आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की महिनाभर आपण त्या खोलीत घामाने निथळत, अंधारात डोळे ताणत बसलो होतो. त्यांना बिचाऱ्यांना वाटलेलं, बचत बचत म्हणतात ती हीच.

त्यांनी जावयाला फोन लावला.

"बाबा, सेन्सर हालचाल बघतो. तुम्ही तिथे काय करता?"

"बसतो."

"नुसते?"

"पेपर वाचतो."

"मग पान उलटत असाल ना?"

"अग्रलेख मोठा असतो."

पलीकडे जावई जरा खाकरला. "मी नाही म्हणत, बाबा. पण सेन्सरच्या लेखी तुम्ही फर्निचरमध्ये मोडता."

बायकोने पुढच्या रिपोर्टापर्यंत मुदत दिली. पुन्हा 'वापर नाही' आलं, की शिलाई मशीन आत आणि खुर्ची बाहेर.

मग हेडक्लार्क हलायला लागले. ज्या माणसाने नोकरीत एक फाईल हलवली नाही, तो आता उठल्यापासून हातवारे करू लागला. डावा हात वर, उजवा हात वर, मध्येच मुंडी, की दिवा लागे आणि एसी सुरू होई. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी आधी दोन दिवस हसून हात हलवला, तिसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावून आणलं. नवऱ्याने हात हलवला नाही, नुसता दाखवला. त्याबरोबर हेडक्लार्कांनी खिडकीला चांगला लांबलचक पडदा लावून घेतला आणि पडद्याआड कसरत चालू ठेवली.

व्हायचं तेच झालं. खांदा धरला. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि पडून राहायला सांगितलं. हेडक्लार्क आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. तिकडे खुर्ची रिकामी, डोळा बघतोय आणि आपण इथे. गेलीच म्हणायची खोली. त्यांना जेवण जाईना. बायकोने वरणभात कालवून दिला, तोही त्यांना निरोपाचा वाटला.

रिपोर्ट आला. बायको वाचता वाचता थांबली. "बाहेरची खोली, सुरुवातीला अधूनमधून वापर. शेवटच्या आठवड्यात अखंड वापर."

हेडक्लार्क ताडकन उठून बसले. "बघ. म्हटलं होतं ना?"

"शेवटचा आठवडा तर तुम्ही इथे पडून होतात."

दोघंही बाहेरच्या खोलीत गेली. दिवा लख्ख जळत होता, एसी जोरात चालू होता. एसीच्या वाऱ्याने पडदा हलत होता. पडदा हलतोय म्हणून डोळ्याला खोलीत माणूस दिसत होता, माणूस दिसतोय म्हणून तो एसी चालू ठेवत होता, आणि एसी चालू आहे म्हणून पडदा हलत होता. आठवडाभर दोघांचं अगदी छान चाललं होतं.

"म्हणजे या मशीनला माझ्यात आणि पडद्यात फरक कळत नाही," हेडक्लार्क म्हणाले. खोली वाचवायचा हा त्यांचा शेवटचा मुद्दा.

"कळतो की," बायको म्हणाली. "तुम्ही अधूनमधून, तो अखंड."

तिने पडदा आवळून बांधला. दोघं खोलीबाहेर आली तसा दिवा गेला. संध्याकाळी जावई येऊन खुर्ची उचलायला लागला.

"अगं, पण मी बसू कुठे?" हेडक्लार्कांनी गळ्यातला हात सावरत विचारलं.

"बसा हो कुठेही," बायको मशीनसाठी जागा मोजत म्हणाली. "तुमचं बिल येत नाही."