हैबतरावांची हुरड्याची स्वारी आणि लोकरीचा त्याग

श्रीगजाननास नमन, कुलदैवतास नमन, आणि घाटावरील वाऱ्यास दुरूनच नमन करोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास. ते समयी राज्यावर श्रीमंत हैबतराव, वय अठ्ठावन्न, आणि घाटापलीकडे त्यांच्या वडील भगिनी म्हाळसाआक्का. गतवर्षी आक्कांनी हुरड्यास बोलाविले आणि श्रीमंतांनी सायकलीवर येतो ऐसे वचन दिले, मग थंडीने घाटमाथ्यावरूनच मागे फिरले. आक्का ज्वारीची कोवळी कणसे भाजून दुपारपर्यंत वाट पाहात बसल्या, आणि तेव्हापासून अबोला. यंदा निरोप इतकाच आला की, सायकलीवर जमेल तर यावे, नाहीतर येऊच नये. बहिणीचा अबोला श्रीमंतांस फार लागला होता, म्हणोन स्वारी निघावयाच्या सकाळी चित्त थाऱ्यावर नव्हते.

मग वस्त्रांची मसलत बसली. कारभारी विठ्ठलपंत बोलिले, "गतवर्षी एक स्वेटर कमी पडला, यंदा दोन घालावेत." श्रीमंतांनी दोन घातले, आणि आत लोकरीची बंडी, आणि वर मफलर, आणि कानटोपी, मग कोपर वाकेना म्हणोन सारे उतरविले, आणि पुन्हा चढविले, आणि अंगणात तीन येरझारा घातल्या, मग पुन्हा उतरविले. तेव्हा राणीसाहेब दुर्गाबाई बाहेर आल्या आणि बोलिल्या, "गेल्या साली तो स्वेटर मीच पिळला होता. तांब्याभर पाणी निघालं. आणि पाऊस तर नव्हता." मग त्यांनी दोन्ही स्वेटर घडी करोन बाजूस ठेविले. "चढावर उकडून घामाघूम झालात, आणि माथ्यावर ओल्या लोकरीला वारा लागला. निघताना जरा हुडहुडी भरली, तरच कपडे बरोबर. पातळ सदरा घाला, हातमोजे घाला, आणि वारा अडवायचं जाकीट पाठीला बांधा, ते उतारावर लागेल."

श्रीमंत कुडकुडत निघाले, पंतांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि आम्ही बखरकार घराण्याच्या बखरींचे दप्तर बांधोन फटफटीवर मागे. चढ चढता अंगी ऊब आली, घाम म्हणावा तैसा आला नाही, आणि माथ्यास पोहोचोन जाकीट पाहतात तो जाकीट नाही. घालणे-काढणे इतके जाहले, त्यात ते खुंटीवरच राहिले. पुढे उतार दीड कोस, वारा समोरून. श्रीमंत एकदा खाली पाहात, एकदा मागे पाहात. "आता फिरलो तर आक्का जन्मात बोलायची नाही," म्हणाले. आमच्या अंगी कोट होता. तो आम्ही देऊ केला नाही, हे खरे लिहितो. दप्तर मात्र पुढे केले, कारण कोट देण्यापेक्षा इतिहास देणे सोपे. मग पणजोबांची दक्षिणेची स्वारी पोटावर आणि आजोबांचा तह छातीवर, ऐसे कागद सदऱ्याआड कोंबून श्रीमंत उतरले, आणि वारा कागदापाशीच थांबला.

आक्का शेतात आगटीपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि लहानपणी करीत तैसा मानेमागून सदऱ्यात हात घालून पाठ चाचपली. पाठ कोरडी होती. पुढून कागद खडखडले.

"हैबत्या, हे काय रे पोटाशी?"

"पूर्वज, आक्का."

"काढ त्यांना बाहेर आणि बस. कणसं निवतायत."

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. हुरडा घेण्यास पान नव्हते, सबब आक्कांनी पणजोबांची दक्षिणेची स्वारी जमिनीवर अंथरली, आणि गतवर्षी राहून गेलेला हुरडा दोघा भावंडांनी तीवर चोळून खाल्ला.