धारेराव आणि खडखडणारा कूलर

धारेरावाच्या लढाया मला कोणी शिकवू नयेत, असं मी मायाला आधीच बजावलं होतं. माया माझी मुलगी, अमरावतीत धारेरावावरच पीएचडी करते. धारेराव म्हणजे आमच्या हिवरखेडकडच्या दंडारीतला, गावच्या नाच-नाट्यातला वीर. त्याची बायको पुरात वाहून जाते, मग तो एकामागून एक सात लढाया लढतो. वीस वर्षं गावात धारेराव मीच व्हायचो. लाकडी तलवार अजून माळ्यावर आहे.

मायाचं म्हणणं असं की शत्रू नावापुरतेच. बायकोसाठी रडता येत नाही, म्हणून धारेराव लढतो. मनोविश्लेषण असंच सांगतं म्हणे.

"लढाईले कारण असते," मी म्हणालो. "बिनकारणानं कोणी तलवार काढत नाही."

"बाबा, माह्यं सादरीकरण आयकाले या. पण बोलू नका."

अकोल्याहून पहिल्या बसनं गेलो. माया छान बोलली. पण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, याला पुरावा काय? ती अडखळली. माझ्यानं बघवेना. उभा राहिलो पोरीच्या मदतीला, आणि तोंडातून निघालं माझंच मत!

सांगितलं, साहेब, या एका वर्षात मीसुद्धा सात भांडणं केली, एकही बिनकारणाचं नाही. गॅसवाला उशिरा आला. चक्कीवाल्यानं पीठ जाड दळलं. बँकेत तर रांगेतल्या सगळ्यांशीच भांडलो, ते मी एकच धरलं. लोक हसत होते. मला वाटलं, पटतंय.

मायाच्या मार्गदर्शक रश्मी मॅडमनी हळूच विचारलं, "पहिलं भांडण कधी झालं?"

"पंचफुला वारली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. माझी बायको."

हसणं थांबलं. मी मात्र थांबलो नाही. आमचा कूलर खडखडायचा. पंचफुला येता-जाता त्याला चापट मारायची, "गप रे मेल्या" म्हणायची. मी बोलत असलो तर मीही गप्प बसायचो. गयासुद्दीन कूलर मेकॅनिक, माझा तीस वर्षांचा दोस्त. त्या दिवशी बुद्धवंदनेत आवाज नको म्हणून त्यानं न सांगताच कूलर दुरुस्त केला. मी चारचौघांत त्याला घराबाहेर काढलं. तेव्हापासून तो आला नाही.

"त्याआधी कोणाशी भांडला होतात?" मॅडमनी विचारलं.

"आधी काहून भांडू? घरी होती ना ते."

बोललो, आणि मलाच ऐकू आलं. खाली बसलो. परीक्षक भराभर लिहून घेत होते. माया टेबलाकडे बघत होती. तिचं सादरीकरण मंजूर झालं.

अकोल्यात उतरून घरी न जाता गयासुद्दीनच्या दुकानात गेलो. तो मोटर उघडून बसला होता. म्हणालो, चुकलं माझं. त्यानं मान वर केली नाही. मोटरकडे बघतच म्हणाला, "देवमनभाऊ, आवाज वापस पायजे का?"

"होईन का?"

"बिघडवणं तं सोपं असते."

त्यानं घरी येऊन दोन स्क्रू ढिले केले. कूलर खडखडू लागला. मी तोंडावर रुमाल धरून बसलो. तो पाठ करून पाना पुसत राहिला, बराच वेळ.

संध्याकाळी मायाचा फोन आला. "बाबा, कायचा आवाज हाये? कूलर बिघडला का?"

"नाही. दुरुस्त झाला."

हे वाक्य तिनं प्रबंधात घातलं, तर मात्र आठवं भांडण होईल.