जयंतरावांना दम लागतो

लष्करातले हवालदार जयंत शेलार यांची अहिल्यानगरला बदली होण्यात अडचण एकच होती. तिथल्या प्रशिक्षकाच्या जागेसाठी लांब पल्ल्याची धाव वेळेत संपवायची होती आणि वजन मर्यादेत हवं होतं. त्यांची बायको रोहिणी हिचं माहेर तिथून जवळ, म्हणून तिनं झाशीच्या घराचे पडदेसुद्धा काढून बांधून ठेवले होते. लेक अनुश्री आता "आई, मला भूक लगी" म्हणू लागली होती, आणि तिला सुधारून सुधारून रोहिणी थकली होती.

जयंतराव झाशीजवळच्या बबीना छावणीच्या मैदानावर रोज पळत, पण थोडं पळालं की त्यांना दम लागे. शेवटी ते झाशीच्या सीपरी बाजारातल्या, व्यायामाच्या पावडरींच्या दुकानात गेले आणि घरचं मराठी तसंच हिंदीत नेऊन म्हणाले, "भैया, दौड़ने में बहुत दम लगता है."

"सो तो लगता है, साहब," दुकानदार म्हणाला.

मराठीत दम लागतो म्हणजे धाप लागते. हिंदीत दम लगता है म्हणजे ताकद लागते. दुकानदारानं ताकदीसाठी क्रिएटिन पावडरीचा डबा दिला आणि दोघंही समाधानानं निरोप घेते झाले.

थोड्याच दिवसांत जयंतरावांचे दंड बाह्यांत मावेनात. वजनही वाढलं. रोहिणीनं आधी तूप बंद केलं, मग भात. वजन उतरायचं नाव घेईना. दम तर पहिल्यासारखाच लागत होता, म्हणून पावडर कमी पडत असावी असं समजून त्यांनी चमचा दुप्पट केला. रोहिणीनं वर्दीची शिवण उसवून सैल केली आणि खरोखर वैतागली.

"जेवण मी कमी करतेय आणि वाढताय तुम्ही. अहो, माझ्या कष्टांची काही तरी लाज राखा."

चाचणीच्या दिवशी जयंतराव धापा टाकत सगळ्यांच्या मागून पोहोचले आणि काट्यावर मर्यादेच्या पुढे गेले. काय खाता, असं डॉक्टरांनी विचारलं. यांनी डब्याचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"हवलदार साहब, इससे मसल में पानी भरता है. वजन उठाना हो तो ठीक. लंबी दौड़ में यही वजन ढोना पड़ता है."

बदली गेलीच होती. जयंतराव मान खाली घालून निघाले, तेवढ्यात दारातल्या सुभेदारसाहेबांनी त्यांचा दंड दाबून पाहिला. युनिटच्या रस्सीखेच संघाला शेवटच्या जागेवर असाच जड माणूस हवा होता. स्पर्धा होईपर्यंत यांना कुठेही पाठवायचं नाही, असं तिथल्या तिथे ठरलं.

संध्याकाळी रोहिणीच्या आईचा फोन आला.

"निवड झाली का गं जावईबापूंची?"

"झाली," रोहिणी म्हणाली. रडावं की हसावं तिला कळत नव्हतं. "दोरी ओढायला."

"बरं. मग इकडे पुढे कधी सरकताय?"

"त्या खेळात मागेच सरकायचं असतं, आई," रोहिणी म्हणाली, आणि पडद्यांचं गाठोडं सोडायला बसली.