बहात्तरातलं विमान आणि टिटवीची चार अंडी

एका जंगलात दोन लढाऊ विमानं होती. ती बगळे चालवायचे. बगळ्यांना पंख असताना विमान कशाला, असं ज्या मुलांना विचारायचं असेल त्यांनी मागे जाऊन बसावं. अशी मुलं पुढे नोकरीत टिकत नाहीत.

पलीकडच्या डोंगरावर घारी राहायच्या. त्यांच्याकडेही विमानं होती, अगदी आपल्या विमानांएवढीच मोठी. दर उन्हाळ्यात त्या विमानांतून यायच्या आणि जंगलातली अंडी उचलून न्यायच्या.

त्या वर्षी टिटवीनं चार अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर खडे मांडते आणि त्यांत अंडी घालते. वेडीच आहे म्हणाल. असेल बापडी. पण आई होती, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. पिल्लं बाहेर पडायला अजून वीस दिवस होते.

ती हवाई संरक्षण मंडळाकडे गेली. मंडळाचे अध्यक्ष हत्तीअण्णा आणि सचिव मुंगूसराव.

“अण्णा, तेवढे वीस दिवस आपली विमानं वर ठेवा हो,” टिटवी म्हणाली.

“ठेवू की!” हत्तीअण्णा म्हणाले. “पण नियम माहीत आहे ना? लढाई आधी मेजावर जिंकायची. मग आकाशात.”

मेज म्हणजे सागाचा एक रुंद बुंधा. त्यावर लाकडाची छोटी विमानं मांडायची, फासे टाकायचे, विमानं पुढे सरकवायची. आपण जिंकलो की खऱ्या विमानांना उडायची परवानगी. नियम चांगला होता. फक्त छोटी विमानं किती छोटी, हे नियमात लिहायचं राहून गेलं होतं.

हत्तीअण्णा म्हणाले, “बहात्तर!”

म्हणजे खऱ्या विमानाच्या लांबीचे बहात्तर भाग करायचे आणि एका भागाएवढं लाकडी विमान घडवायचं. सुतार पक्ष्यानं चार दिवस चोच झिजवून तशी विमानं केली. आंब्याएवढी झाली. देखणी! पण वळायला गेलं की विमान थेट बुंध्यावरून खाली. पडायचं, पंख मोडायचा, मग डिंक आणा, वाळवा. एका डावाला दोन दिवस लागले आणि तोही अर्धा राहिला.

“मी सांगत होतो, तीनशे,” मुंगूसराव म्हणाले.

सुतारानं पुन्हा चार दिवस चोच झिजवली. ही विमानं बदामाएवढी झाली. मेजावर आख्खं आकाश मावलं. मुंगूसराव खूष. तेवढ्यात हत्तीअण्णांनी बारकाईनं बघायला सोंड जवळ नेली आणि श्वास सोडला. दोन्ही बाजूंची हवाई दलं झुडपात गेली. ती शोधण्यात आणखी एक दिवस गेला.

“मधलं करा ना,” टिटवी काकुळतीला आली. “एकशे चव्वेचाळीस करा. लिंबाएवढं होईल.”

सुतारानं नमुना केला. तो मेजावर मावला, दिसला आणि उडालाही नाही. त्यात खोट काढायला जागाच नव्हती, म्हणून तो मंडळाला आवडला नाही.

“बाई, तुम्ही ओरडू नका,” मुंगूसराव म्हणाले. “टिटवी ओरडली की अपशकुन होतो.”

अठराव्या दिवशी मुंगूसरावांनी तोडगा काढला. “आपली विमानं बहात्तरात ठेवू, अण्णांना दिसतील. घारींची तीनशेत ठेवू, जागा वाचेल.”

“वा!” हत्तीअण्णा म्हणाले. “याला म्हणतात डोकं!”

“अहो, पण खऱ्या घारींची विमानं आपल्याएवढीच आहेत ना?” टिटवीनं विचारलं.

मग मुंगूसरावांनी थंडपणे विचारलं, “बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?”

डाव सुरू झाला. आपलं आंब्याएवढं विमान एकदाच पुढे सरकलं आणि घारींची तीन विमानं त्याच्या पंखाखाली दिसेनाशी झाली. फासे टाकायचीही गरज पडली नाही. ढोल वाजले. बगळ्यांना सांगण्यात आलं, “शत्रू बघून घ्या. एवढासा आहे.”

एकोणिसाव्या दिवशी बगळे विमानं घेऊन वर गेले. थोड्या वेळानं डोंगराकडून तीन ठिपके आले. बदामाएवढे.

“आले!” एक बगळा ओरडला.

पण ठिपके जवळ यायला लागले, तसे मोठे व्हायला लागले.

“छे! हे ते नव्हेत,” दुसरा म्हणाला. “कोणी पाहुणे असतील.”

विमानं शेजारून गेली तेव्हा बगळ्यांनी मान लववून नमस्कारही केला. आपले बगळे फार संस्कारी.

खाली माळावर टिटवी एकटी होती. पंख मोडल्याचं सोंग करून ती लंगडत लांब लांब पळाली. एक घार फसली आणि तिच्या मागे गेली. बाकी दोन फसल्या नाहीत. टिटवी परत आली तेव्हा खड्यांमध्ये एकच अंडं उरलं होतं.

मंडळानं चौकशी केली. मंडळ चौकशी फार तत्परतेनं करायचं. अहवाल असा आला : “सदर हल्ला एकास एक या मापात झाला. हे माप मंडळानं मंजूर केलेलं नाही. सबब हल्ला झाला असं म्हणता येत नाही.”

तरी मंडळाला हृदय होतं. गेलेल्या अंड्यांच्या बदल्यात टिटवीला तीन लाकडी अंडी द्यायचं ठरलं. अर्थात बहात्तरातली. सुतारानं ती पानावर ठेवून आणली. खसखशीएवढी होती. सुताराला तिच्याकडे बघवेना.

टिटवी त्या दिवशी ओरडली नाही. अपशकुन नको म्हणून नव्हे. ती उरलेल्या अंड्यावर बसली आणि तिनं पान जवळ ओढून घेतलं. ती खसखशीएवढी तीन अंडीही तिनं पोटाखाली घेतली.

तात्पर्य : मुलांनो, अंडी नेहमी मंजूर मापातच घालावीत. मग ती गेली तरी फारशी दिसत नाहीत, आणि हवाई दल कायम अजिंक्य राहतं.