खांद्यावरचा हात

फ्रेमवाल्यांनी घराण्याचा इतिहास इंटरनेटवर टाकायचा ठरवला, तेव्हा त्यांच्या सुनेला वाटलं होतं, दोन फोटो, चार ओळी, की आपण मोकळे. पण सासरे सांगायला बसले आणि टाइप करता करता बिचारीची बोटं दुखून आली. तीन पिढ्या लोकांचे फोटो चौकटीत बसवणारं घराणं ते! त्याचे मूळपुरुष आजोबा. त्यांचा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर, त्यांनी स्वतः केलेल्या चौकटीत. आजोबा खुर्चीत ताठ बसलेले आणि खांद्यावर चार राकट बोटं. नुसती बोटं. पुढे मनगट नाही, माणूस नाही, फोटो तिथेच संपतो.

"बाबा, हा हात कुणाचा?"

"कुणीतरी बडी असामी असणार. उगाच कुणालाही आजोबा खांद्यावर हात ठेवू देतील? लिही, मान्यवरांसमवेत."

सुनेने लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी भावकी, सोयऱ्यांसकट, त्या पानावर गोळा झाली.

वकील असलेल्या चुलत-चुलतभावाने लिहिलं, "तो हात आमच्या आजोबांचा. धाकट्या भावाला दुकान त्यांनीच काढून दिलं." त्यावर ठेकेदार मामेभाऊ उसळला. दुकानाला पहिलं लाकूड त्याच्या आजोबांनी पुरवलं होतं, म्हणजे हात त्यांचाच! पुरावा म्हणून वकिलाने स्वतःच्या बोटांचा फोटो टाकला. मग ठेकेदाराने टाकला. मग ज्याला ज्याला बोटं होती त्याने टाकला. एका मावशीने चुकून पायाच्या बोटांचा टाकला, तर तोच त्यातल्या त्यात जुळतोय, असं तिघांनी कळवलं.

फ्रेमवाल्यांची मात्र झोप उडाली. जन्मभर छाती पुढे काढून मिरवलेलं दुकान दुसऱ्याच्याच उपकाराचं निघालं, तर तोंड कुठे दाखवायचं? सुट्टीच्या दिवशी दोन्ही दावेदार दुकानातच येऊन थडकले. त्यांच्या मागोमाग काठी टेकत आत्या आली. आजोबांची ही एकुलती एक मुलगी आता पंच्याऐंशीला टेकली होती.

"फ्रेम उघड," आत्या म्हणाली.

"आत्या, आजोबांच्या हातचं काम आहे ते! आमच्या बाबांनीसुद्धा कधी उघडली नाही."

"त्यालाही मी हेच सांगून थकले. अरे, फोटोचा कापलेला तुकडा तुझे आजोबा फेकत नसत. काच खडखडू नये म्हणून मागेच भरायचे."

फ्रेमवालेही आजवर तेच करत आले होते. त्यांनी खिळे काढले, पुठ्ठा उचलला. आत खरंच फोटोचा एक उभा तुकडा होता. त्यात पदर खोचून एक बाई उभी होती. एक हात कापलेल्या कडेपाशी संपलेला, दुसऱ्या हातात करवत.

आत्याने तो तुकडा डोळ्यांशी धरला. "माझी आई," ती म्हणाली. "तिचा एकही फोटो नव्हता रे माझ्याकडे." फ्रेमवाल्यांचेही डोळे भरून आले.

"पण हातात करवत?" वकिलाने विचारलं.

"मग काय लाटणं असणार? दुकान तिच्या वडिलांचं. बाबा तिच्याच हाताखाली शिकले."

"आणि त्यांनी तिलाच कापलं?"

"तिनेच कापलं! बाबांनी मोठ्या हौसेने चौकट केली, ती चांगली वीतभर आखूड. रडकुंडीला आले. आई म्हणाली, लाकूड महाग आहे, फोटो कापा. ते काही धजेनात. मग तिनेच कात्री चालवली."

"नाक अगदी आमच्याकडे आलंय," ठेकेदार फोटो निरखत म्हणाला. त्याचा त्या बाईशी रक्ताचा काडीचाही संबंध नव्हता.

फ्रेमवाल्यांचा ऊर भरून आला. "मूळपुरुष आजोबा, हे खोड," त्यांनी सुनेला फर्मावलं. "लिही, हे दुकान आमच्या आजीचं! आणि फोन धर माझ्यासमोर. नवी चौकट भावकीला करूनच दाखवतो."

त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी लाकडी पट्टी काढली, मापं घेतली, करवत चालवली, कोपरे जुळवले. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून वर चौकट ठेवली. ती दोन बोटं आखूड होती.

आत्याने टेबलावरची कात्री हळूच उचलून आपल्या पिशवीत टाकली.

"दोनदा मोजलं होतं गं, आत्या!"

"दिसतंय ना. बाबांचाच नातू तू, कुणी शंका घेऊ नये."

फोनवर पाहणाऱ्या भावकीकडून अभिनंदनाचा पाऊस सुरू झाला. फ्रेमवाले आधी ओशाळले, मग ताठ झाले. त्यांनी सुनेच्या हातातला फोन काढून वकिलाच्या हातात दिला.

"लिहायचं काम तू कर," ते त्याला म्हणाले आणि करवत सुनेपुढे धरली. "सूनबाई, ही तू घे. आमच्या घरात हे काम कुणाला जमतं ते आज कळलं."