तानबाचं ताट

“खेड्यातला माणूस म्हटलं का फेटा पाहिजेच, असं कोणं सांगतलं याईले? जन्मभर पँट घातली मी!” लक्ष्मणराव पुटपुटले. फेटा घसरून नाकावर आला होता.

“चूप बसा! शुटिंग हाय,” देवकाबाईंनी नवऱ्याचा फेटा वर ढकलला.

नागपूरचा निकेश नाचणगावात पिक्चर काढत होता. गोष्ट दोन भावांच्या वैराची. गावातलीच माणसं हवी म्हणाला, तर देवकाबाईंनी छाती ठोकून सांगितलं, “आमच्या घरी दोघं भाऊ भांडून तयारच आहेत. शिकवाचं काम नाई!”

खोटं नव्हतं. लक्ष्मणराव आणि धाकटा तानबा, घराला घर लागून, पण लक्ष्मणरावांची पोरगी जया दहावीत होती तेव्हापासून अबोला. कारण? जेवायला बसलेल्या तानबाने देवकाबाईंच्या पाटोडीला ‘खारट’ म्हणून ताट सरकवलं. “माह्या बायकोच्या हाताले नावं ठेवतं?” म्हणत लक्ष्मणरावांनी त्याला दाराबाहेर काढलं! बाकीची पंगत मुकाट्याने तांब्यावर तांबे पाणी पीत राहिली.

आता जयाचं लग्न तोंडावर आलेलं. पोरीचा सख्खा काका मांडवात नाही, हे काय शोभतं? पिक्चरच्या शेवटी गळाभेट होती. ती झाली की तिथेच आमंत्रण, असा देवकाबाईंचा बेत!

पण आधी भांडण. तानबाने एक घास खायचा, ताट भिरकावायचं आणि तरातरा निघून जायचं. निकेशच्या माणसांनी ताटात थर्माकोलची भाकर ठेवली. देवकाबाई भडकल्या. खोटं का होईना, दीर आपल्या हातून थर्माकोल खाणार? पातेलंभर बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा, खराखुरा पाटोडीचा बेत करून आणला.

“अ‍ॅक्शन!”

तानबाने घास घेतला. थबकला. मग दुसरा घेतला. बघता बघता ताट मांजराने चाटल्यासारखं लख्ख!

“कट! काका, फेकायचं होतं!”

“हो ना, विसरलोच. वहिनी, वाढा बरं.”

इतक्या वर्षांनी ‘वहिनी’ ऐकून देवकाबाईंनी पळीभर जास्तच वाढलं. निकेशने हातातला कागद चुरगाळला! ताटं भरत होती, रिकामी होत होती. पातेल्याचा तळ दिसला तरी सीन काही होईना.

“काका, राग आणा! कशाचा राग आहे ते आठवा!” निकेश किंचाळला.

सीनसाठी बसवलेली पंगत त्या दिवशीचीच होती. सगळे आपापल्या ताटात पाहू लागले.

“काऊन आणू राग?” तानबा म्हणाला. “आज तर मस्त झाली. मंग त्या दिवशी काय झालतं?”

“माही पाटोडी नेहमीच मस्त होते, भाऊजी!” देवकाबाईंनी पळी उगारली. “विचारा तुमच्या भावाले!”

लक्ष्मणरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. बायकोकडे पाहायचं टाळून भावाच्या कानाशी वाकले. कॉलरला लावलेला माईक चालू आहे, हे काही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“तानबा, जयाच्या लग्नाले येजो बाबू. खारटच होती ते! पण तू तर बाहेर गेलता, मले रोज इथंच जेवा लागते!”