ब्राह्मणपुरीच्या जीपगाडीतील फितूर काट्याचे पारिपत्य

श्री तापीमाई समर्थ. ऐकणारांचे कल्याण असो, त्यांच्या गाड्यांचे रेडिएटर सदा भरलेले असोत. मौजे ब्राह्मणपुरी, तालुके शहादे, येथील राजश्री हेमराज चुनीलाल यांणी वैशाखमासी जो बाका प्रसंग निभाविला, तो जैसा घडला तैसा लिहितो. पदरचे काही घालीत नाही.

राजश्री म्हणजे केळी व ऊस या मुलखाचे धनी, स्वभावे उदार, परंतु हातास स्वस्थता नाही. त्यांचे पदरी एक जुनी पांढरी जीपगाडी होती. तिचे इंजिनाची उष्णता दाखविणारे मूळचे मीटर बंद पडून कामास आले, तेव्हा राजश्रींनी नंदुरबारच्या बाजारी निळ्या उजेडाचे, मोठे दिमाखदार मीटर खरीद केले, आणि मोबाइलात पाहून पाहून दस्तुरखुद्द बसविले. त्यांचे बालमित्र अनीसमियां शहाद्यास गॅरेज चालवीत, त्यांसही पुसिले नाही. मग गावभर नौबत झडली की ऐसे मीटर पंचक्रोशीत नाही.

त्याउपरी मातुश्री जसोदाबाईंस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे झाले, आणि प्रकाशा गावच्या तापीच्या पुलावर अकस्मात काटा पंच्याऐंशीवरून उठला तो एकशेपंधरावर जाऊन बैसला. राजश्री हवालदिल झाले, गाडी कडेस घेतली, बॉनेट उघडिले, तो वाफ नाही, वास नाही. किल्ली फिरवून पाहतात तो काटा गरीब गाईसारखा खाली. पुन्हा कूच केले, पुन्हा बंड. ऐसे थांबत थांबत नंदुरबार गाठिले, तो डॉक्टर जेवावयास गेले होते, आणि मातुश्रींनी वाटभर जे ऐकविले ते या बखरीत लिहिण्याजोगे नाही.

मग अनीसमियांस पाचारण झाले. त्यांणी थर्मोस्टॅट बदलिला, रेडिएटर धुतला, आणि खिडक्या उघड्या टाकून शहादे शहरास वेढा घालून आले; काटा जागचा हलला नाही. राजश्री मातुश्रींस बसवून निघाले की काटा उठे, अनीसमियां बैसले की निजे. शेवटी अनीसमियांनी हात जोडिले की गाडी निरोगी आहे, आता नजर उतरवा.

इतक्यात खापर गावाहून खलिता आला. राजश्रींच्या भगिनी शांतीबाई यांची कन्या रोशनी हिचे लग्न ठरले, मुहूर्त दुपारचा, आणि मामाने मामेरे घेऊन यावे. मामेरे म्हणजे भाचीची वस्त्रे, भांडी आणि मांडवाची दिव्यांची माळ; ते आल्यावाचून नवरी पाटावर बैसत नाही. मातुश्रींनी फर्मान काढिले की या गाडीचा भरवसा नाही, एसटीने जावे. परंतु राजश्रींची इभ्रत पणास लागली होती. भाची लहानपणी याच गाडीच्या टपावर बैसून शेतात हिंडली होती. तिच्या लग्नास मामा पिशव्या घेऊन स्टँडावर उतरला, हे त्यांस मानवेना.

मग लग्नाचे दिवशी सकाळीच खासा स्वारी निघाली. पुढे राजश्री व मातुश्री, मागे मामेऱ्यासह सौभाग्यवती प्रतिभाबाई. शहादे मागे टाकिले, तळोदे ओलांडिले, आणि ऊन ऐसे तापले की मातुश्रींनी नेहमीप्रमाणे एसीचा हुकूम सोडिला. राजश्रींनी बटण दाबिले मात्र, काटा एकशेपंधरावर! राजश्रींचा धीर खचला. निंबाखाली मुक्काम पडला, एसी मात्र मातुश्रींकरिता चालूच राहिला. खापरहून फोनावर फोन येऊ लागले, आणि शेवटी खुद्द नवरीचा आला:

"जवलगून मामा येत नही, तवलगून मी पाटवर बसाव नही."

राजश्रींनी फोन खाली ठेविला आणि तोंड फिरविले. म्हणाले, गाडी येथेच सोडू, मिळेल त्या रिक्षाने जाऊ.

तेव्हा प्रतिभाबाई, ज्या इतका वेळ मागून काट्याकडेच पाहत होत्या, त्या पुढे वाकल्या आणि एसीचे बटण बंद केले. काटा खाली. चालू केले, काटा वर. बंद केले, खाली.

"आहो," त्या म्हणाल्या, "चहानं पानी भी इतलं लवकर उकळस नही, अन् इतलं लवकर थंडं तर होसच नही. इंजिन कसं होई? हाऊ काटाच खोटं बोलस."

राजश्री थक्क झाले. तत्काळ अनीसमियांस फोन लाविला, आणि सर्व वर्तमान निवेदिले. मग प्रश्न आला, "मीटरनी अर्थिंगनी वायर कोनी जोडेल शे? अन् कोठे?"

राजश्रींचा आवाज पडला. "मीच. एसीना पंखाना स्क्रूवर. जवळ व्हता म्हनीसन."

अनीसमियां ऐसे हसले की मातुश्रींसही ऐकू गेले. मग त्यांणी सांगितले की तो स्क्रू पंख्याचा भार कसाबसा वाहतो, त्यावर मीटरही टांगिले तर पंखा फिरताच मीटर भ्रमिष्ट होणारच. सबब ती वायर काढावी, नवी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी, बस.

परंतु अरण्यात वायर कोठची? सर्वांची नजर मामेऱ्यातील दिव्यांच्या माळेवर गेली, परंतु हात कोणी लावीना, कारण भाचीच्या वस्तूस कात्री लावणे अशुभ. तेव्हा मातुश्री जसोदाबाई, ज्यांणी या मीटरास सर्वांहून अधिक शिव्या घातल्या होत्या, त्यांणी माळ स्वहस्ते उलगडिली.

"काप शेपटी," त्या म्हणाल्या. "दोन दिवा कमी लागनात त लगीन थांबी जाई का? मामा नही उना त थांबी."

राजश्रींनी वायर दातांनी सोलिली, जुना सांधा तोडिला, नवा बांधिला आणि किल्ली फिरविली. एसी पुरता सोडिला. काटा पंच्याऐंशीवर. हॉर्न वाजविला, दिवे लाविले, वायपर चालविले, काटा हलेना. मग ऐसी दौड झाली की अक्कलकुवे पाहता पाहता मागे पडले, आणि स्वारी खापरच्या मांडवापुढे उभी राहिली तेव्हा भटजी घड्याळ दाखवीत होते. रोशनी दारातच उभी होती. ती पुढे आली आणि मामाच्या काळ्या हातांसकट त्यास मिठी मारिली. शालूवर ग्रीसचा पंजा उमटला, तो तिने कोणास पुसू दिला नाही. मग नवरी पाटावर बैसली आणि अक्षता पडल्या.

पंगतीचे समयी राजश्री दिसेनात. शोध करिता असे आढळले की ते जीपगाडीत बैसून काटा पाहत आहेत, आणि बाजूस व मागे नवरदेवाचे काका, मामा व थोरले मेहुणे थंड हवा घेत दाटीवाटीने बैसले आहेत, आणि जेवावयास उतरण्यास कोणीही राजी नाही. प्रतिभाबाईंनी किल्ली काढून घेतली, तेव्हा तह झाला.

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध पक्षी, भर उन्हात, एसी चालू असता, काटा पंच्याऐंशीवर कायम झाला आणि राजश्री हेमराज यांची फत्ते झाली. फत्तेचा मान सौभाग्यवतींचा, हे राजश्रींनी जिलेबी वाढता वाढता भर पंगतीत कबूल केले. लेखनसीमा.